बाळाच्या नजरेचा मान राखणाऱ्या ताराबाई मोडक

मराठी घरात जन्मलेल्या आणि गुजरातेत घडलेल्या ताराबाई मोडक आपल्या सुरतकर मराठी कुटुंबांना दोन्हींकडून जवळच्या आहेत.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत प्रार्थना समाजाच्या विचारांच्या केळकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी. राजकोटला महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची मानाची नोकरी मिळाली. तीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. बँकेत उमर घालवलेल्या आम्हाला अशी नोकरी सोडणे म्हणजे काय, ते चांगले ठाऊक आहे.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघाली, पुढे मराठीतही. त्यामागे माँटेसरीबाईंचा विचार होता : मूल ज्यात रमले आहे, त्यातून त्याला ओढून काढू नये. त्याचे मन त्या रमण्यातूनच घडते.

हे तान्ह्या बाळालाही लागू आहे. नवजात बाळाला साधारण वीतभर अंतरावरचेच नीट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. बाळ पाहते, आई हसून पाहते. बाळ हुंकार देते, आई बोलते. या देवाणघेवाणीतून माया आणि विश्वास रुजतो. वर्षाचे होता होता ते बोटाने चिमणी दाखवते, तेव्हा त्याला चिमणीबरोबर आपली सोबतही हवी असते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने आली. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत, त्यामुळे त्यांची शाळा बुडे. म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. मोठी बहीण शिकू लागली आणि धाकट्यालाही प्रेमाने पाहणारे माणूस मिळाले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या घरांतून मुलगा-सून कामावर जातात आणि नातवंडे आपल्या हाती असतात. घास भरवताना त्यांच्यासमोर मोबाईल धरणे सोपे वाटते. पण मग बाळाची नजर आपल्याकडे वळत नाही आणि आपलीही त्याच्याकडे जात नाही. पाळणाघरासाठी ताराबाईंना टेकडी चढावी लागली. आपल्याला फक्त मोबाईल बाजूला ठेवायचा आहे. त्यांच्या स्मृतीला आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.