जिन्यावरचा सेनापती

एक सेनापती टोपी हातात घेऊन, कमरेत वाकून, भलामोठा संगमरवरी जिना चढतो आहे. वर राजा उभा आहे. दोन्ही बाजूंना दरबारी मंडळींची दाटी. ज्याँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८७८ साली काढलेले हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. प्रसंग १६७४ चा, व्हर्सायमधला. गंमत अशी की, जेरोमने हा जिना कधी पाहिलाच नव्हता. तो १७५२ सालीच पाडला गेला होता. जुन्या छापील चित्रांवरून त्याने तो पुन्हा उभा केला.

जिना चढणारा गृहस्थ म्हणजे कोंदेचा राजपुत्र लुई. सेनेफच्या लढाईहून परतलेला, संधिवाताने पाय धरलेला. उशीर झाल्याबद्दल त्याने क्षमा मागितली आणि विजयांच्या ओझ्याचा उल्लेख करून राजाने वेळ साजरी केली, अशी आख्यायिका आहे.

आयुष्यभर बँकेत लोकांची खाती तपासली. सवयीने याचेही उघडून पाहिले. जमेची बाजू भक्कम. १६४३ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, रोक्रुआला त्याने स्पेनच्या नामांकित पायदळाचा धुव्वा उडवला. चौदावा लुई तेव्हा चार वर्षांचा होता आणि गादीवर येऊन त्याला पाचच दिवस झाले होते.

नावेची बाजूही तेवढीच मोठी. बंडाळीच्या दिवसांत कोंदेने आधी दरबाराची बाजू राखली, मग त्याची किंमत मागितली. मंत्री माझारँने १६५० च्या जानेवारीत त्याला कैदेत टाकले. तेरा महिन्यांनी सुटला, तो धुमसतच. १६५२ साली पॅरिसच्या वेशीवर तो राजाच्याच फौजेशी लढला आणि मग थेट स्पेनला जाऊन मिळाला. ज्यांना रोक्रुआला लोळवले, त्यांचाच सेनापती! फ्रान्समध्ये त्याला देहान्ताची शिक्षा ठोठावली गेली. १६५९ च्या तहात मात्र त्याला माफी मिळाली. पुढच्या वर्षी त्याने राजासमोर गुडघे टेकले.

तेव्हा चित्रातला तो जिना नुसता संगमरवराचा नव्हे. पंधरा वर्षांपूर्वीचा राजद्रोही तिथे सर्वांदेखत वर चढतो आहे.

पण या खात्यातली एक नोंद मला खटकते. क्लेर-क्लेमाँस ही त्याची बायको. रिशेल्यची भाची, म्हणून १६४१ साली, तेराव्या वर्षी, त्याच्या गळ्यात बांधलेली. त्याला ती कधीच आवडली नाही. नवरा कैदेत पडला तेव्हा हीच बाई लहानग्या मुलाला घेऊन बोर्दोला पोहोचली, शहर उठवले, राजाच्या सैन्यापुढे उभी राहिली. पुढे १६७१ साली तिच्या दालनात दोघा पुरुषांत तलवारी उपसल्या गेल्या, ती जखमी झाली आणि संशयही तिच्यावरच आला. कोंदेने तिला शातोरूच्या गढीत डांबले. व्हर्सायचा जिना तो चढला, तेव्हा ती तिथे कोंडलेली होती.

पुढे कोंदे शाँतियीला बागा, कारंजी आणि साहित्यिकांच्या सहवासात रमला. नातसुनेला देवी आल्या म्हणून आजारपणातच फाँतेनब्लोला धावला आणि ११ डिसेंबर १६८६ रोजी तिथेच वारला. राजाने त्याला माफ केले होते. त्याने बायकोला मरतानाही केले नाही. त्याच्यामागे आणखी सात वर्षांहून अधिक काळ ती त्याच गढीत होती. १६९४ साली तिथेच गेली.