जयपाल सिंह मुंडा : हॉकीचे मैदान ते संविधान सभा

संविधान दिनाला आपण मुलांना डॉ. आंबेडकरांविषयी सांगतो. त्याच सभेतल्या जयपाल सिंह मुंडांचं नाव मात्र आपल्यापैकी कितीजण घेतात?

१९०३ साली आजच्या झारखंडमधील टकरा गावात, मुंडा या आदिवासी समाजात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते गुरं राखत. रांचीच्या मिशन शाळेत त्यांची हुशारी दिसली आणि मुख्याध्यापकांनी त्यांना इंग्लंडला नेलं. ऑक्सफर्डला शिकताना त्यांनी हॉकीही गाजवली. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. हॉकीतलं आपलं पहिलं सुवर्णपदक तेव्हाचंच. खेळासाठी रजा मिळेना, तर त्यांनी आयसीएसही सोडली.

पुढे १९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये संविधान सभेत त्यांनी ठामपणे मांडलं की, लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी. ज्या 'जंगली' शब्दाने लोक हिणवत, तो त्यांनी अभिमानाने स्वतःला लावला. कायद्यात 'आदिवासी' हाच शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. 'अनुसूचित जमाती' हा शब्द आला. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी मागितलेलं झारखंड राज्य २००० साली झालं.

वर्गात एखाद्या मुलाला बोलीवरून किंवा पाड्यावरून कुणी चिडवलं, तर नुसतं रागावू नका. ही गोष्ट सांगा. आणि त्या मुलाला त्याच्या बोलीतले चार शब्द फळ्यावर लिहायला द्या.