विश्लेषण : काला चबुतऱ्यावरचे बंड आणि लंडनचा ‘पश्चात्ताप दिन’

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ बिथरले. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जाण्यास स्वारांचा नकार होता. पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने बंड मोडले आणि बंडवाल्यांना काला चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला. तोच आजचा क्रांती चौक. साडेतीन महिन्यांनी, बुधवार ७ ऑक्टोबरला, या उठावासाठी ब्रिटनने सार्वजनिक उपवास, प्रार्थना आणि पश्चात्तापाचा दिवस पाळला. त्या दिवशी सर्वांत मोठी सभा गाजवली ती २३ वर्षांच्या चार्ल्स स्पर्जनने.

स्पर्जन कोण होता?

जन्म १८३४, इंग्लंडमधील एसेक्सचा. विद्यापीठाची पदवी नाही. तरीही १९ व्या वर्षी लंडनच्या बाप्टिस्ट चर्चचा पाळक. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्याच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची खोटी हाकाटी केली, चेंगराचेंगरीत सात जण दगावले. त्या धक्क्याने तो कोलमडलाच. तरी वर्षभरात तो क्रिस्टल पॅलेसमध्ये २३,६५४ लोकांपुढे उभा राहिला.

पश्चात्ताप नेमका कशाचा?

खरी मेख इथेच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या फर्मानाने कामकाज थांबले, चर्च भरली. क्रिमियन युद्धातही असे दिवस पाळले गेले होते. कानपूरच्या हत्याकांडाने लंडन खवळलेले होते आणि दिल्ली परत घेतल्याची बातमी अजून पोहोचायची होती. स्पर्जनने हिंदुस्थानातील सरकारच्या पापांचा उल्लेख केला, पण बंडवाल्यांना त्याने गुन्हेगारच ठरवले आणि कठोर शिक्षा मागितली. इथल्या धर्मांना सरकारने दिलेली मोकळीक हेही त्याला पापच वाटत होते. जमलेला निधीही हिंदुस्थानातील पीडित इंग्रजांसाठीच होता. औरंगाबादच्या स्वारांचे म्हणणे या पश्चात्तापात कुठेच बसत नव्हते.

पुढे काय झाले?

याच स्पर्जनने गुलामगिरीचा निषेध केला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत त्याची पुस्तके जाळली गेली. त्याने अनाथालय काढले, १८६१ मध्ये भव्य टॅबरनॅकल उभारले. १८९२ मध्ये फ्रान्समधील मेंटन येथे त्याचे निधन झाले.

अशी सुट्टी आता दुर्मीळ आहे. जर्मनीने १९९५ पासून ती सॅक्सनीपुरती ठेवली, तर डेन्मार्कने २०२४ पासून आपला ‘महाप्रार्थना दिन’ सुट्ट्यांच्या यादीतून वगळला.