पैपैचा हिशेब

जॉर्ज म्यूलर याचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियात झाला. त्याचे वडील सरकारी करवसुलीचे काम करीत. घरात येणाऱ्या त्या रकमेवर लहानग्या जॉर्जचा डोळा असे. एकदा वडिलांनी मुद्दाम पैसे मोजून ठेवले, तेव्हा नाहीसे झालेले पैसे त्याच्या बुटात सापडले. शिक्षा झाली, पण खोड गेली नाही. सोळाव्या वर्षी हॉटेलचे बिल बुडविल्यामुळे त्याला तुरुंगवासही घडला.

हाले येथील विद्यापीठात शिकत असता, १८२५ साली, तो एका घरगुती प्रार्थनेस गेला. तेथे एक मनुष्य गुडघे टेकून परमेश्वराला आळवीत होता. ते पाहून जॉर्जचे मन पालटले. माणसांना फसविता येते, अंतर्यामीच्या साक्षीदाराला नाही, हे त्याला उमगले.

१८२९ साली म्यूलर इंग्लंडला आले व पुढील वर्षी टिनमथ येथील मंडळीचे पाळक झाले. उपासनेच्या वेळी बसण्याच्या जागांना तेथे भाडे पडे आणि त्यातून पाळकाला पगार मिळे. धनिकांना चांगली जागा आणि गरिबांना गैरसोयीची, हा भेद म्यूलर यांना रुचला नाही. त्यांनी पगार सोडला व मंदिरात एक पेटी ठेवली. ज्याने त्याने आपखुशीने द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढे ब्रिस्टल शहरी त्यांनी अनाथाश्रम काढण्याचे ठरविले. कोणापाशी याचना करावयाची नाही व कर्ज काढावयाचे नाही, हा त्यांचा नेम होता. १८३५ साली शिवणकाम करणाऱ्या एका गरीब स्त्रीने १०० पौंड देऊ केले. ते भावनेच्या भरात दिलेले नसावेत, म्हणून म्यूलर यांनी तिची चौकशी केली. वारशाच्या पैशातून तिने आधी वडिलांचे देणे फेडले होते आणि आईची सोय लावली होती. खात्री पटल्यावरच त्यांनी दान स्वीकारले.

१८३६ साली भाड्याच्या घरात आश्रम सुरू झाला. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या; त्यांत दोन हजारांवर मुले राहू शकत. म्यूलर दरवर्षी हिशेब छापीत. त्यात पेनीचीही नोंद असे, दात्याचे नाव मात्र नसे.

१० मार्च १८९८ रोजी ते निवर्तले. लाखो पौंड त्यांच्या हातून अनाथांसाठी खर्च झाले होते. त्यांची स्वतःची मालमत्ता मात्र, पुस्तके व सामानसुमान धरून, सुमारे १६० पौंडांची भरली.