शत्रूच्या नाण्यावर आपला ठसा

वर्कशॉपमध्ये डाय आणि पंच आपण सगळ्यांनीच पाहिलेत. याच डायच्या जोरावर एका राजाने आपला विजय बाजारात घरोघर पोहोचवला होता. तो गौतमीपुत्र सातकर्णी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा सातवाहन राजा. नाशिकच्या लेखात त्याच्या प्रदेशांमध्ये विदर्भाचंही नाव आहे, म्हणजे मुकुटबनकडचा आपला मुलूखही त्याच्याच राज्यातला म्हणायचा.

तो गादीवर आला तेव्हा परिस्थिती काही बरी नव्हती. नाशिक-जुन्नरचा भाग क्षहरात वंशाच्या नहपानाने बळकावलेला. पण राज्याच्या अठराव्या वर्षी तो नाशिकच्या भिक्षूंना शेत दान देताना दिसतो, आणि ते शेत आधी उषवदाताकडे होतं. नहपानाच्या जावयाचं नावही हेच! मधल्या काळात काय झालं असेल ते ओळखा.

खरी गंमत पुढे आहे. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे आहेत. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मीत राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या टोकांना चार गोल, म्हणजे उज्जैन चिन्ह. वितळवायला सरपण नको, नव्या चकत्या पाडायला नकोत, वजन बाजाराच्या ओळखीचंच. आपल्या भाषेत रीसायकलिंग! ठसा नीट न बसलेल्या नाण्यांतून नहपानाचं नाक आजही डोकावतं.

त्याच्या काही दशकं आधी रोममध्ये व्हेस्पासियनने जेरुसलेमच्या विजयानंतर नवी नाणी पाडली होती. ब्राँझच्या नाण्यावर एकीकडे स्वतःचा चेहरा, दुसरीकडे खजुराखाली बसलेली शोकमग्न स्त्री. ती म्हणजे हरलेला देश. आपल्या राजाने या ठशांत चेहरा घातला नाही. नाव घातलं, तेही आईचं पुढे ठेवून.

रोजच्या बाजारासाठी मात्र चांदी नाही, तर पोटीन, म्हणजे तांबं, शिसं आणि कथलाचं मिश्रण. वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला. त्यातही गौतमीपुत्राची नाणी आहेत, सोंड उचललेल्या हत्तीची.

आई गौतमी बलश्री त्याच्यामागेही जिवंत होती. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने नाशिकचं तिसरं लेणं दान केलं आणि गेलेल्या मुलाचे पराक्रम भिंतीवर कोरून घेतले.