गंगाखेडची जनाबाई आणि काशीचे कबीर

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदाकाठचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते जनाबाईमुळे. दमा आणि करुंड या शूद्र गणल्या गेलेल्या दांपत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि पुढे त्यांच्या पुत्राची, नामदेवांची, दासी म्हणून जन्मभर राबली. दळण, कांडण, पाणी, शेण यांतच तिचे आयुष्य सरले. तिच्या नावावरील साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेतच समाविष्ट आहेत. हयातीत तिला स्वतःचे घर नव्हते, तसे ते ग्रंथातही मिळाले नाही.

तिच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल हा लेकुरवाळा बाप आहे. त्याच्या भोवती वाळीत टाकलेल्या ब्राह्मणाची ज्ञानदेवादी मुले आहेत, गोरा कुंभार आहेत, आणि महार जातीचे चोखोबा व बंकाही आहेत. ज्या चोखोबांना मंदिराच्या महाद्वाराआत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांना या दासीने देवाच्या अगदी जवळ नेले. प्रत्यक्षात ते द्वार उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले.

तिच्याविषयीची गोवऱ्यांची कथा तर फारच बोलकी आहे. तिची कीर्ती ऐकून कबीर काशीहून पंढरपुरास आले, तेव्हा ती गोवऱ्यांवरून शेजारणीशी भांडत होती म्हणे! कोणाच्या गोवऱ्या कोणत्या, हे ओळखावे कसे? जिच्यातून विठ्ठलाचे नाम ऐकू येईल ती आपली, असे तिने सांगितले आणि कबीरांनी गोवऱ्या कानाला लावून निवाडा केला. इतिहासाचे अध्यापक येथे हरकत घेतील, आणि ती रास्तच आहे. जनाबाईचे निर्वाण १३५० सालचे मानतात, तर कबीर पंधराव्या शतकातले. ही भेट घडणे शक्यच नव्हते. परंतु कथा रचणाऱ्यांचे मन त्यातून दिसते. मुसलमान विणकराच्या घरी वाढलेला, परभाषेत गाणारा हा परप्रांतीय त्यांना परका वाटला नाही. दासीचा न्याय करण्यास त्यांनी त्यालाच बोलाविले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेव आणि कबीर एकत्र नांदतातच; लोकांनी जनाबाईलाही त्या सोबतीत नेऊन बसविले.

पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर जनीच्या ओव्या म्हणणाऱ्या याच मराठवाड्यात १९७८ साली, विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव होताच, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळली, माणसे गाव सोडून गेली. आपला परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. ते नाव विद्यापीठाला लागण्यास पुढे सोळा वर्षे जावी लागली.