अंधारातही हात न सोडणारी तेरेजा



बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. तपकिरी झगा, हातात क्रूस आणि क्रूसाभोवती गुलाबाची फुले. ही तसबीर पाहून पुष्कळांचा असा समज होतो की, ही मुलगी लहान वयात मठात गेली, फुलासारखी जगली आणि हसत हसत देवाघरी गेली. प्रत्यक्षात तिच्या आयुष्याचे शेवटचे अठरा महिने इतक्या काळोखात गेले की, स्वर्ग खरोखर आहे का, हाच प्रश्न तिचे मन कुरतडत होता. आजारपण, घरातला मृत्यू किंवा कर्जाचा बोजा यांमुळे ज्यांना आज प्रार्थना करणे जड जाते आहे, त्यांनी तिच्या जीवनाची ही बाजू अवश्य जाणून घ्यावी.

तेरेजा मार्टिन हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील अलाँसों या गावी झाला. वडील लुई घड्याळे दुरुस्त करीत, आई झेली जाळीदार लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत असे. त्यांना नऊ मुले झाली. त्यांतली चार बालपणीच दगावली, पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना, ऑगस्ट १८७७ मध्ये तिची आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. वडील मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहायला गेले.

आईविना झालेल्या तेरेजाने थोरली बहीण पोलिन हिलाच आई मानले. परंतु १८८२ साली पोलिनही कार्मेल मठात गेली. नऊ वर्षांच्या पोरीला दुसऱ्यांदा आई गमावल्यासारखे झाले. पुढच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. अंग थरथरे, भास होत, डॉक्टरांना काही समजेना. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, बहिणी पवित्र मरियेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत असता, मरिया आपल्याकडे पाहून हसली असा तिला अनुभव आला आणि ती बरी झाली.

पंधराव्या वर्षीच मठात प्रवेश घ्यायचा तिने ध्यास घेतला. वय लहान म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. नोव्हेंबर १८८७ मध्ये वडिलांबरोबर रोमला गेली असता तिने पोप लिओ तेरावे यांच्या पायाशी बसून परवानगी मागितली. त्यांनी निर्णय वरिष्ठांवर सोपवला आणि रक्षकांनी रडणाऱ्या मुलीला उचलून बाजूला नेले. अखेर ९ एप्रिल १८८८ रोजी तिला लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रवेश मिळाला. आता सारे सुखाचे होईल असे कोणालाही वाटले असते.

पण दोन-तीन महिन्यांतच वडिलांच्या मेंदूच्या आजाराने उचल खाल्ली. कोणालाही न सांगता ते घरातून निघून गेले आणि काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षे होते. गावात कुजबुज सुरू झाली की, मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणूनच बापाचे डोके फिरले. घरात मानसिक आजार असला म्हणजे लोकांची बोलणी कशी काळीज कापतात, हे ज्या कुटुंबांनी सोसले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मठाच्या भिंतीआड असलेल्या तेरेजाला वडिलांची सेवाही करता आली नाही. मे १८९२ मध्ये तिने त्यांना शेवटचे पाहिले. २९ जुलै १८९४ रोजी त्यांना देवाज्ञा झाली.

याच वर्षांत तेरेजाला तिची वाट सापडली. आपण लहान आहोत, मोठी तपश्चर्या आपल्याला जमणार नाही. मग लहान मूल जसे बापाच्या हातांवर विसंबून असते, तसे देवावर विसंबावे, आणि दिवसभराची बारीकसारीक कामे प्रेमाने करावीत, असे तिने ठरवले. कपडे धुणे, जेवणघर झाडणे, चिडखोर भगिनीशी गोड बोलणे यांतूनच ती ही वाट चालत राहिली.

मग या वाटेचीच परीक्षा झाली. १८९६ सालच्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ती झोपायला गेली आणि तोंडात काहीतरी गरम आल्याचे तिला जाणवले. दिवा विझवलेला होता. पुन्हा पेटवून पाहण्याचा मोह तिने आवरला व सकाळपर्यंत थांबली. सकाळी रुमाल रक्ताने भरलेला दिसला. तो क्षयरोग होता. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रोग बरा करणारे पहिले औषध सापडायला १९४३ साल उजाडले. तरीही तेरेजाला आनंद झाला, कारण प्रभूच्या भेटीची वेळ जवळ आली असे तिला वाटले.

तो आनंद ईस्टरच्या दिवसांतच मावळला. स्वर्गाचा विचार, जो लहानपणापासून तिचा विसावा होता, तोच तिला छळू लागला. मृत्यूनंतर काहीच नाही, केवळ शून्य आहे, असा आवाज मनात घुमू लागला. हा अंधार दोन-चार दिवसांत सरला नाही, मरेपर्यंत राहिला. मठात ती आनंदाने कविता रचत होती. बहिणींना वाटे, हिला केवढे आध्यात्मिक सुख लाभले आहे! तिने मात्र लिहून ठेवले की, आपण जे गातो ते आपल्याला जाणवते म्हणून गात नाही, त्यावर विश्वास ठेवायची आपली इच्छा आहे म्हणून गातो. तिने विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून काढला आणि तो उराशी बाळगला. देवाला न मानणाऱ्यांना तिने दोष दिला नाही. त्यांच्याच पंक्तीला बसल्यासारखे मानून ती त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली.

येथे थोडे थांबून विचार करू या. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, श्रद्धा म्हणजे देवाच्या कृपेने प्रेरित झालेल्या इच्छाशक्तीच्या आज्ञेवरून बुद्धीने दिलेला होकार. मनाला गोडवा वाटणे ही देवाची देणगी आहे, पण तो गोडवा म्हणजे श्रद्धा नव्हे. त्यामुळे गोडवा गेला म्हणून श्रद्धा गेली असे होत नाही. काही न जाणवताही तेरेजा रोज होकार देत राहिली, तीच तिची श्रद्धा.

८ जुलै १८९७ रोजी तिला मठातील आजारी भगिनींच्या खोलीत हलवण्यात आले. रोग आतड्यांपर्यंत पोहोचला, श्वास घेणे कठीण झाले. १९ ऑगस्टला तिने शेवटचा ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर तोही घेण्याची शक्ती उरली नाही. वेदना इतक्या होत्या की, श्रद्धा नसती तर क्षणाचाही विचार न करता आपण जीव दिला असता, असे तिने बहिणीजवळ मोकळेपणाने सांगितले. संताने असे बोलावे का, असे काहींना वाटेल. मला मात्र यात मोठा दिलासा दिसतो. आपल्या घरातील आजारी माणूस असे काही बोलला तर त्याला रागावू नये, त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी.

३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी, वयाच्या २४ व्या वर्षी, देवावरील प्रेम व्यक्त करीत तेरेजाने प्राण सोडला. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले. मठाबाहेर कधी न पडलेल्या या भगिनीला १९२७ साली, आपल्या गोव्यात ज्यांचा देह विसावला आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर, मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरवले. २०१५ साली तिचे आईवडीलही संत झाले. मनोरुग्णालयात तीन वर्षे काढलेला तो बाप आज वेदीवर आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी याच तेरेजाचे नाव घेतले होते, आणि त्यांनीही अनेक वर्षे असाच अंधार सोसला, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून जगाला कळले.

प्रिय भाविकांनो, प्रार्थना कोरडी झाली आहे, मिस्सेत मन लागत नाही, देव ऐकत नाही असे वाटते, असे ज्यांचे दिवस चालू आहेत, त्यांनी स्वतःला श्रद्धाहीन समजू नये. क्रूसावर प्रभूलाही पित्याने टाकल्यासारखे वाटले, तरी शेवटी त्याने आपला आत्मा त्याच पित्याच्या हाती दिला. आज रात्री दुसरे काही जमले नाही तर विश्वासांगीकार सावकाश म्हणा. तोही म्हणवत नसेल तर हातात क्रूस धरून नुसते बसा. बाकीचे आपल्यासाठी ख्रिस्तसभा म्हणत असते.

बाळ येशूच्या संत तेरेजे, अंधारात असलेल्या सर्वांसाठी विनंती कर. आमेन.